दर शुक्रवारचा वाढदिवस

जुबैलच्या वर, समुद्रकाठची वसाहत
९ नोव्हेंबर १९९०

हरीश, सलाम.

अक्षर ओळखूनही पाकीट फोडलं असशील तर निम्मं काम झालं म्हणायचं. सहा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहितेय ती काही तुझी आठवण येते म्हणून नाही. आठवण येते, पण तेवढ्यासाठी मी पेन उचललं नसतं. मला तुझ्याकडून एक गोष्ट हवी आहे.

आपल्या नगरकडच्या ख्रिस्ती मंडळीची रीत तुला मी सांगायला नको, तू स्वतः पाळक आहेस. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी ज्याच्याशी वाकडं आहे त्याच्या घरी जायचं, मिटवायचं, आणि मगच भाकरीला हात लावायचा. मिटलं नसेल तर ताट शेजारच्याच्या हातात द्यायचं. इथे केरळची, फिलिपाइन्सची माणसं आहेत, त्यांना ही रीत ठाऊक नाही. ताट आलं की घेतात. मी सहा वर्षं ताट पुढे देतेय. सगळ्यांना वाटतं, सिस्टर सुनेत्राचं काहीतरी मोठं पाप असणार.

पाप कसलं? साखर कारखान्याच्या मळीच्या पाण्यानं वस्तीच्या विहिरी नासल्या, तेव्हा तू ऐन नाताळच्या आठवड्यात सगळी मंडळी घेऊन रस्त्यावर बसलास. चर्चमध्ये घंटा वाजवायला माणूस उरला नाही. पोलिसांनी तुला उचललं आणि मिशन दवाखान्याच्या कमिटीनं मला बोलावून विचारलं, भाऊ आवरता येत नाही का? मी राजीनामा त्यांच्या टेबलावर टाकला आणि सौदीची वाट धरली. निघताना तुला म्हटलं, पाळकानं आत्मे सांभाळावेत, विहिरींना तहसीलदार आहे. तर तू म्हणालास, ताई, तुझ्या देवाला तहान लागत नाही वाटतं. तुझ्या देवाला, म्हणे. ते मला लागलं ते लागलंच. आणि मी चुकले असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. इतकंच म्हणते की आता मिटव.

कारण इथे युद्ध होणार. इराकनं कुवेत घेतल्यापासून या किनाऱ्यावर रोज अमेरिकन जहाजं येऊन लागतात. आमचा कारखाना समुद्राचं पाणी गोडं करतो, पार रियाधपर्यंत लोक तेच पितात, आणि मी त्याच्या दवाखान्यात हेड नर्स आहे. पहिला बॉम्ब आमच्यावरच पडेल असं सगळे चहा पिताना बोलतात. मला भाकर न घेता मरायचं नाही, हरीश. एवढंच आहे.

इथे चर्च नाही, ते तुला ठाऊक असेल. उपासना बंदच. म्हणून शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी माझ्या क्वार्टरमध्ये आम्ही दहा-अकरा जण जमतो. टेबलावर केक ठेवायचा. दारावर कुणी परकं आलं तर वचनाची पुस्तकं गाद्यांखाली, आणि सगळ्यांनी हॅपी बर्थडे सुरू करायचं. ही युक्ती कुरियनसाहेबांची. ते केरळचे म्हातारे इंजिनिअर, आमच्या या छोट्या मंडळीचे वडील. खोली माझी म्हणून वाढदिवस नेहमी माझाच. या हिशेबानं मी तीनशेच्या पुढे गेले असेन.

हे पत्र पोस्टात टाकलं नाही, तिथे फोडतात. मैमुनाचा मामा सुट्टीवर चाललाय, त्याच्या बॅगेत दिलंय. मैमुना आमच्या दवाखान्यातली आया, गुहागरकडची. परतीचं उत्तर त्याच्याकडेच दे. फार लिहू नकोस. माझ्या मनात काही नाही, एवढं लिहिलंस तरी पुरे.

ताई

२७ डिसेंबर १९९०

हरीश,

तुझं उत्तर नाही. मामाला यायला वेळ आहे, हे मला कळतं. हे पत्रही पोस्टात नाही, पुढचीही तशीच, जो कुणी सुट्टीवर निघेल त्याच्या हाती. तरी नाताळच्या दिवशी दाराकडे बघत होते, वेड्यासारखी. ताट आलं, मी अशोकच्या बायकोकडे दिलं. अशोक जालन्याचा, आपल्यातलाच. समुद्राचं पाणी जिथून आत ओढतात त्या तोंडावरच्या जाळ्या सांभाळायचं काम त्याचं. उपासना झाल्यावर तो हळूच म्हणाला, ‘सिस्टर, वेळ अशी आहे, घ्या ना. भाऊ काय तिथून बघतोय?’ मी म्हटलं, भाऊ नाही बघत, पण मी बघतेय ना.

आम्हाला गॅस मास्क मिळाले. दवाखान्यात शिकवणी झाली. तो रबराचा तोबरा चढवला की माणूस ओळखू येत नाही रे. सगळ्यांना सारखेच दोन गोल डोळे आणि पुढे डबा. मी कुरियनसाहेबांना अशोक समजून हाक मारली, तर साहेबांनी मान हलवली, आणि ती मान मला साहेबांचीही वाटली नाही. खोल्यांच्या खिडक्यांना प्लॅस्टिक लावून टेपनं बंद करायच्या, म्हणजे विषारी वायू आत येणार नाही. माझी खोली अशी बंद केली आहे की आतून बोललं तर आपलाच आवाज दुसऱ्या कुणाचा वाटतो.

मास्क फक्त कंपनीच्या माणसांना. ठेकेदाराचे मजूर ठेकेदार बघेल, असं कंपनीच्या मॅनेजरसाहेबांचं उत्तर. ठेकेदारानं त्यांना एकेक टॉवेल दिला, हल्ल्याचा भोंगा झाला की ओला करून तोंडावर धरायला. परवा मैमुनाचा धाकटा भाऊ मुनाफ दवाखान्याच्या मागच्या दारात उभा होता. तिशी ओलांडलेला, दोन मुलींचा बाप, ठेकेदाराकडे किनाऱ्यावर काम करतो. छातीचा दमा आहे. थट्टेखोर माणूस. म्हणाला, ‘सिस्टरबाय, खोकी भरून थोबाडं आलीत म्हणे. माझ्यापुरतं एक हाय का? सुंदर नसलं तरी चालंल.’ मी म्हटलं, बाबा, स्टोअरची किल्ली माझ्याकडे आहे, पण हिशेब साहेबांकडे आहे. ‘बराय,’ म्हणाला, ‘टावेल तर टावेल, बायकूला घरी न्यायला तरी व्हईल.’

तू असतास तर साहेबांच्या दारात बसला असतास. म्हणून तर तुझं कुठे भलं झालं नाही. मी साहेबांना एकदा विचारलं. ते म्हणाले, ‘सिस्टर, आपण इथे पाहुणे आहोत.’ कुरियनसाहेबही तेच म्हणाले. आमची उपासना उघडी पडली तर सगळ्यांना पहिल्या विमानानं हाकलतील, काहींना तुरुंगात घालतील. म्हणून इथे कुणी कशावरच आवाज करत नाही. मीही केला नाही.

ताई

९ फेब्रुवारी १९९१

हरीश,

युद्ध सुरू झालंय हे तुला रेडिओवर कळलं असेल. दुसरं सांगते, ते रेडिओवर नसेल.

समुद्राचा आवाज बंद झालाय.

कुवेतकडून तेल सोडलंय. काळं, जाड, मैलोन्‌मैल. ते इथवर पोचलं तेव्हा मी ड्युटीवर होते. सहा वर्षं खिडकीतून लाटांचा आवाज ऐकतेय, इतका की ऐकू येईनासा झाला होता. त्या दिवशी दुपारी मैमुना इंजेक्शनचा ट्रे घेऊन मध्येच थांबली आणि म्हणाली, ‘ताई, कायतरी थांबलं.’ आम्ही दोघी बाहेर गेलो. लाट येत होती, उठत होती, पडत होती, आणि आवाज नाही. बाळंतिणीच्या खोलीत मूल रडलं नाही की जशी शांतता होते, तशी. ती शांतता नर्सलाच ठाऊक असते.

मग पक्षी आले. उडत नाही, चालत. काळे पाणकावळे समुद्राकडे पाठ करून वसाहतीच्या रस्त्यानं आत चालत येतात. मूळचे काळेच की तेलानं, ते सांगता येत नाही. डोळा तेवढा हिरवा. एक माझ्या पायरीवर येऊन बसला आणि मी हाकलला तरी हलला नाही. कपड्यानं पुसायला घेतला, तर पुसता पुसता मान टाकली. ते फडकं मी अजून धुतलेलं नाही.

मजुरांना किनाऱ्यावर लावलंय, फावडी आणि पिंपं देऊन. तेल जाळ्यांत शिरलं तर रियाधचं पाणी बंद. अशोक झोपत नाही. मुनाफ गुडघाभर त्यातच असतो. खोकतो, तो दवाखान्यात ऐकू येतो. त्याला तपासायला बोलावलं तर मुकादम म्हणाला, हा आमचा माणूस, तुमचा नाही.

आता जे लिहितेय ते वाचून हसू नकोस. भोंगा झाला की उपासना थांबवून आम्ही दिवा घालवतो, मास्क चढवतो आणि भिंतीला टेकून बसतो. खिडक्या बंद, अंधूक उजेड, सगळे रबराचे चेहरे, आणि प्रत्येकाचा श्वास घूं घूं वाजतो. गेल्या महिन्यात पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की दाराशी एक जण बिनमास्कचा बसलाय. गुडघ्यात मान घातलेला. अंग काळं, ओलं. मला वाटलं काचेवर वाफ धरलीय. पुसली, तरी तो होताच. ‘सर्व ठीक’चा भोंगा झाला, दिवा लावला, तर खोलीत आम्हीच. मी कुणाला काही बोलले नाही. पुढच्या शुक्रवारी पुन्हा. काल तिसऱ्यांदा, आणि काल मात्र अशोकनंच विचारलं, ‘सिस्टर, तो कोण होता?’ कुरियनसाहेबांनीही पाहिला होता. सगळ्यांनी पाहिला होता आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपल्यालाच दिसतोय. दाराजवळच्या गालिच्यावर पावलाचा काळा ठसा आहे. रॉकेलनं घासला, निघत नाही.

अशोकच्या बायकोला वाटतं समुद्रात कुणी मेलेला असेल. कुरियनसाहेबांना वाटतं खबऱ्या आहे, आमच्यावर नजर ठेवायला कुणीतरी पाठवलेला. भोंग्याच्या गडबडीत उशिरा येणाऱ्यांसाठी दार आपण उघडं ठेवतो, तिथून शिरतो. ते म्हणाले, यापुढे आतून अडसर. आपल्या माणसानं दोनदा, थांबून एकदा वाजवायचं. दुसरं कसंही वाजलं तर उघडायचं नाही, वाढदिवस सुरू करायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

तू काय म्हणाला असतास ते मला ऐकायचं नाही.

ताई

२३ फेब्रुवारी १९९१

हरीश,

मी ठीक आहे. काल शुक्रवार होता. दुपारी भोंगा झाला, खोटा निघाला. बाकी विशेष नाही. उत्तरेला आभाळ तपकिरी झालंय, तेलविहिरी पेटवल्यात म्हणतात. दोरीवरचे कपडे वाळतात ते काळे ठिपके घेऊन.

दारावर कुणीतरी वाजवलं. आम्ही उघडलं नाही.

आपल्या खुणेचं नव्हतं ते. तळव्यानं वाजवत होतं, पहिल्यांदा जोरात, मग हळू. अशोक अडसराला पाठ लावून उभा राहिला. कुरियनसाहेबांनी हात वर केला आणि आम्ही म्हणायला लागलो. मास्क घालून हॅपी बर्थडे म्हटलेलं तू कधी ऐकलं नसशील. रबरातून शब्द येत नाहीत, नुसता घुमारा येतो. मी म्हणत होते. माझंच नाव त्यात होतं. तीनदा-चारदा म्हटलं. मग दार वाजायचं थांबलं.

दुसरं काही नाही. तुला उगाच लिहिलं. तुझं उत्तर आलं का नाही ते मामा आल्यावर कळेल.

ताई

१६ मार्च १९९१

हरीश,

तुझं पत्र मिळालं. मामा परवा आले. एकच ओळ लिहिलीस. ‘ताई, माझ्या मनात काही नव्हतं, नाही, भाकर घे.’ सहा वर्षं जिची वाट पाहिली ती ओळ हातात आली आणि मला रडू कोसळलं. पण ते आनंदाचं नव्हतं, हरीश. आता ती ओळ माझ्या उपयोगाची राहिली नाही.

त्या शुक्रवारी दारावर मुनाफ होता.

मैमुनानं सांगितलं. युद्ध थांबलं, सगळे मिठाई वाटत होते, आणि ही दवाखान्याच्या मोरीत बसून भांडी घासत होती. भाऊ त्या शुक्रवारपासून गायब. ठेकेदारानं लिहून दिलं, युद्धाच्या काळात काम टाकून पळाला. आठ दिवसांपूर्वी गुहागरच्याच एका ड्रायव्हरनं तिला कळवलं की तो जुबैलच्या पोलीस ठाण्यात आहे. इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, ठेकेदाराकडे, त्यामुळे खिशात कागद नाही. हायवेच्या कडेनं खोकत चालला होता, गस्तीनं उचलला. मैमुना त्याला भेटून आली. मला म्हणाली, ‘ताई, तो म्हणतो, भोंगा झाला तसा मी सिस्टरबायच्या दारात गेलो. आधी एकदा गेलो होतो, टेप लावलेली खोली हाय, तिथं श्वास घेता येतो. कुणी हाकललं नाय, चांगली माणसं हायत. या खेपेला दार लागलेलं. वाजवलं. आत गाणं चाललेलं.’ एवढं सांगून ती माझ्याकडे बघत राहिली. ‘कसलं गाणं ताई?’

मी म्हटलं, वाढदिवस होता. तिनं कुणाचा ते विचारलं नाही. तिला आमचे शुक्रवार कधीपासूनच ठाऊक असणार, माझा केक तीच तर बेकरीतून आणते.

हरीश, मुनाफ म्हणतो, आधी एकदा आलो होतो. एकदाच. आम्ही तीनदा पाहिला. मी मैमुनाला पुन्हा विचारायला लावलं. एकदाच, म्हणतो. बाकीच्या दोन शुक्रवारी तो किनाऱ्यावर मुकादमासमोर होता.

आणि दार अजून वाजतं. युद्ध संपलं, भोंगे बंद, तरी गेल्या दोन्ही शुक्रवारी दुपारी तळव्यानं वाजलं, आधी जोरात, मग हळू. आम्ही लगेच उघडलं. बाहेर कुणी नाही. दुपारचे दोन वाजलेत आणि रस्त्यावरचे दिवे लागलेले आहेत, कारण कुवेतचा धूर आता रोज आमच्यावरून जातो. सूर्य आहे, पण तो खिडकीतल्या जुन्या पैशासारखा दिसतो, आणि कशालाच सावली पडत नाही. काल अशोकची बायको तिथेच खाली बसली आणि म्हणाली, आता मी इथे यायची नाही. कुरियनसाहेबांनी उपासना बंद केली.

मॅनेजरसाहेबांनी उरलेले मास्क परत पाठवले. खोकीच्या खोकी, सील न फोडलेली. मी स्वतः सही करून दिली. सही करताना माझा हात हलला नाही, याचीच आता भीती वाटते.

आता असं आहे. तो पळाला नव्हता, भोंग्याच्या वेळी आसऱ्याला आला होता, असं कुणी ठाण्यात जाऊन सांगितलं तर त्याची सुटका आहे. इलाज होईल. नाहीतर पळपुटा म्हणून शिक्का, आणि तसाच, त्या छातीनं, विमानात कोंबतील. सांगू शकेल असं माणूस मी. पण मी सांगितलं की पहिला प्रश्न येणार, दार का उघडलं नाही? वाढदिवस म्हणावं तर इकाम्यावर माझी जन्मतारीख आहे, ऑगस्टची. खरं म्हणावं तर अशोक, त्याची बायको, कुरियनसाहेब, सगळे गेले.

कुरियनसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, ‘सुनेत्रा, त्याच्यासाठी प्रार्थना करू.’ हरीश, मी त्या म्हाताऱ्या माणसावर ओरडले. मी म्हटलं, तो दाराशी होता तेव्हा प्रार्थनाच चालली होती ना.

तुझी भाकर घ्यायला मला कुणाची आडकाठी नाही. पण ज्याच्याशी वाकडं आहे त्याच्या घरी आधी जायचं, ही रीत आहे. त्याचं घर सध्या ठाण्यात आहे.

ताई

२ एप्रिल १९९१

हरीश,

गेले होते.

रमजान चालू होता, दुपारची वेळ, ठाण्यात सगळे उपाशी आणि वैतागलेले. मैमुना दुभाष्या म्हणून बरोबर. रस्त्यात गाडीचे दिवे लावावे लागले. मी ठरवून गेले होते की खोलीत मी एकटीच होते असं सांगायचं. एकटीच गात होते, एकटीच प्रार्थना करत होते. मला हाकलतील तर हाकलू देत. पन्नाशी झाली, मला काय घेऊन जायचंय इथून?

अधिकारी तरुण होता, वाईट नव्हता. मी सगळं सांगितलं. हा माणूस भोंगा झाल्यावर माझ्या दारात आला, आसरा मागत होता, मी आत होते, मी उघडलं नाही. तो म्हणाला, का? मी म्हटलं, मी माझ्या देवाची प्रार्थना करत होते आणि मला पकडली जायची भीती वाटली. मैमुना हे अरबीत सांगताना अडखळली. माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, ‘ताई, हे सांगू?’ मी म्हटलं, सांग.

त्यानं मुनाफला आणवलं. अरे, तो ओळखू आला नाही मला. थट्टेखोर माणूस तो, अर्धा राहिलाय. श्वास घेताना खांदे कानापर्यंत जातात. नखांत तेल अजून तसंच. मी उभी राहिले. त्यानं माझ्याकडे पाहिलं, म्हणजे जिथे मी होते तिकडे पाहिलं.

अधिकाऱ्यानं विचारलं, ही बाई म्हणते ती तू वाजवलंस तेव्हा आत होती. तू आतला आवाज ऐकलास का? आत किती माणसं होती?

मी मनात म्हणत होते, एक म्हण. एक म्हटलास की सुटलास. मैमुना त्याला तेच डोळ्यांनी सांगत होती.

मुनाफ दम खात खात बोलला, सरळ हिंदीत, अधिकाऱ्याला तेवढी समजत होती. ‘साहब, मैंने दरवाजा बजाया. अंदर कोई नहीं था.’

अधिकारी म्हणाला, नीट आठव. ही म्हणते मी होते.

‘बाई बुढी है साहब, धुएँ से दिमाग चल गया है. कोई नहीं था. कमरा खाली था.’

मैमुना त्याच्या अंगावर धावून गेली, काय बोलतोस काय. तो मग आपल्या बोलीत, अगदी हळू, मला म्हणाला, ‘सिस्टरबाय, तुमी गा ना. चांगलं गाता.’ आणि त्याला आत नेलं.

साक्ष फुकट गेली. अधिकाऱ्यानं माझा कबुलीजबाब चुरगाळून टोपलीत टाकला, म्हणाला, आई, घरी जा, खलास. गेल्या गुरुवारी मुनाफला मुंबईच्या विमानात बसवलं, पळपुटा म्हणून.

त्यानं आम्हाला वाचवलं, असं मैमुना म्हणते. त्याला ठाऊक होतं, एक म्हटलं तरी ते उरलेले शोधून काढतील. एक बाई बंद खोलीत वाढदिवसाचं गाणं गात नाही. कुरियनसाहेब रडले आणि म्हणाले, तो देवमाणूस. असेलही. पण मी त्याचा चेहरा पाहिला होता. कोई नहीं था, हे म्हणताना तो खोटं बोलतोय असं मला एकदाही वाटलं नाही. दिवसरात्र तेच ऐकू येतं. खोलीत दहा-अकरा माणसं देवाचं नाव घेऊन बसलेली, आणि दाराबाहेरून पाहिलं तर आत कुणीच नाही. दया केली की खरं सांगितलं, हे त्याच्याशिवाय कुणाला विचारणार?

उत्तम शुक्रवारी, प्रभू क्रुसावर गेला त्या दिवशी, बारा वाजता काळोख झाला. बारा ते तीन आपण उपासनेला बसतो ना, नेमका तेवढा वेळ. मजूर किनाऱ्यावर कंदील घेऊन तेल उपसत होते. दार वाजलं नाही. मी उघडंच ठेवलं होतं.

पुनरुत्थानाच्या दिवशी सगळे पुन्हा जमले, अशोकची बायकोसुद्धा. केक नको म्हटलं मी. कुरियनसाहेबांनी ताट फिरवलं. तुझी ओळ माझ्या पदराच्या टोकाला बांधलेली होती. ताट माझ्यासमोर आलं, भाकर मऊ होती, ताजी. मी ती शेजारी दिली. अशोकनं विचारलं नाही का म्हणून. त्यानं माझ्यानंतर ताट हातात घेतलं, बराच वेळ धरलं, आणि तोही न घेता पुढे देऊन मोकळा झाला.

मी राजीनामा दिला आहे. महिनाअखेर निघेन. आधी नगरला येणार नाही, रागावू नकोस. मुंबईहून सरळ गुहागर. मैमुनानं घर समजावून दिलंय, मशिदीच्या मागे, आवारात फणस आहे. तू येणार असशील तर चिपळूणला मला भेट, पण बोलायचं मी, तू गप्प बसायचं. तुला ते जमत नाही, तरी बस.

दार मी एकदाच वाजवेन. छाती अशी झालीय त्याची, उठून दारापर्यंत यायला वेळ लागेल. मी थांबेन.

ताई